चांदणीच्या कुंडीतला अंधार

१

भागी पहाटे व्याली. अकरा पिल्लं झाली आणि त्यातली सहा मेलेलीच आली.

उरलेल्या पाचांना आईच्या सडापर्यंत सरकायचंही त्राण नव्हतं. गिरजाबाईंनी एकेकाला उचललं, फडक्याने पुसलं, सडाला लावलं आणि मग त्या सहांजवळ जाऊन नुसत्या बसून राहिल्या. चाकणच्या एमआयडीसीमागे, दोन गोदामांच्या मधल्या पट्टीत धम्मरत्नची वराहपालनाची शेड आहे. डिसेंबरचं धुकं तिच्या पत्र्यावर लोळत होतं. लांबच्या, लोखंड ठोकणाऱ्या फोर्जिंग कंपनीतला हातोडा धप्प, धप्प करत होता. तो आवाज कानापेक्षा तळपायाला जास्त कळायचा. माद्या तर त्या तालावर झोपायला शिकल्या होत्या.

पंधरा दिवसांपूर्वी सोनीचंही असंच झालं होतं. तेव्हाच डॉक्टर नेहांनी सोनी आणि भागी दोघींचं रक्त तपासायला नेलं होतं. निकाल भागी व्याली त्या दुपारी धम्मरत्नच्या फोनवर आला.

“अ आणि ई जीवनसत्त्व नावालाच उरलंय,” डॉक्टर म्हणाल्या. “गाभण मादी अंगातलं काढून पिल्लांना देते आणि व्याल्यावर दुधातून देते. तिला वरून मिळालं नाही तर ती आणणार कुठून? पावडर बंद केलीस का?”

“बंद? चार महिन्यांत सहा डबे संपलेत, मॅडम!”



“मग ते सहा डबे या दोघींनी खाल्लेले नाहीत,” डॉक्टर म्हणाल्या.

२

डुकरांची जीवनसत्त्वं चोरीला गेली असं सांगत पोलीस चौकीत जायचं म्हणजे तिथल्या लोकांची वर्षभराची करमणूक करायची. धम्मरत्नने ते टाळलं आणि दापोडीला सुमनताईंना फोन लावला.

सुमनताईंनी सव्वीस वर्षं एका फोर्जिंग कंपनीत काळ्या पडद्याआड काढली होती. बाहेर लख्ख दिवस असो की पाऊस, आत कायमचा अंधार. समोर क्रँकशाफ्ट, म्हणजे इंजिनाचा दांडा, यायचा, त्यावर एक द्राव ओतायचा, वर जांभळा दिवा धरायचा. लोखंडात केसाएवढी भेग असली तरी ती हिरवी चमकायची. मग सुमनताई दोनच शब्द बोलायच्या, ओके किंवा रिजेक्ट. निवृत्तीच्या वेळी बाकीच्यांना भिंतीवरचं घड्याळ मिळालं. सुमनताईंच्या हातात मैत्रिणींनी खिशात मावेल असा जांभळ्या उजेडाचा टॉर्च ठेवला. अजूनही दुपारी डोळा लागला की त्यांना काळोखात हिरव्या रेघा दिसायच्या आणि त्या कुठे जातात ते बघत बघत त्या झोपून जायच्या.

धम्मरत्नची आई शालनबाई त्यांच्या शेजारच्याच टेबलाला असायची. तिला जाऊन तीन वर्षं झाली होती. पोराला तिने ओव्हरटाइम करकरून शिकवलं, पोरगा हिंजवडीला संगणकापुढे बसला, मारुंजीला खोली घेऊन राहिला आणि एक दिवस सगळं सोडून डुकरं पाळायला लागला. तिने कपाळाला हात लावला होता, पण पहिली मादी बघायला तीच सगळ्यांच्या आधी आली होती.

“मावशी, चोर मला माहीत आहे,” धम्मरत्न म्हणाला. “गिरजाबाई. कोठीची किल्ली त्यांच्याकडे असते. त्यांची सून बाळंतीण आहे. आणि रोज पदराखाली काहीतरी असतं त्यांच्या, गडी नवनाथने पाहिलंय, औषधवाल्या दिग्विजयनेही पाहिलंय. शनिवारी निघा म्हणून सांगितलंय त्यांना. तुम्ही फक्त एकदा बघून जा, म्हणजे माझ्या मनाला टोचणी नको.”

“आणि टोचणी कसली आहे?”

तो घुटमळला. “चांदणी दोन-तीन दिवसांत व्यायचीय. ती गिरजाबाईंशिवाय कुणाला जवळ येऊ देत नाही.”

सुमनताईंनी दिनदर्शिकेकडे पाहिलं. आज गुरुवार होता.

३

शुक्रवारी सकाळी त्या पीएमपीच्या बसने निघाल्या. भोसरी, मोशी गेलं, इंद्रायणीवरचं धुकं खिडकीला लागलं आणि चाकण येईपर्यंत त्यांची एक डुलकीही झाली.

शेडच्या तोंडाशीच पाटी होती, ‘बाहेरचं एक पानही आत आणू नये’. आजाराच्या भीतीने धम्मरत्नने ती लावली होती. आतली घडी त्याने दोन मिनिटांत समजावली. कोठीत दोन बादल्या. हिरवीत रोजचे क्षार, ते सगळ्या जनावरांना. लालमध्ये जीवनसत्त्वांची पावडर, ती फक्त गाभण आणि पाजत्या माद्यांना. गिरजाबाईंना वाचता येत नाही म्हणून रंग. त्या संध्याकाळी डब्यातून मोजून दोन्ही बादल्या भरतात, सकाळी नवनाथ खुराक कालवतो. आधीचा गडी गावी गेल्यावर नवनाथ आला, त्याला चार महिने झाले.

“लालच का?” सुमनताईंनी विचारलं.

“सगळ्यात महत्त्वाचं म्हणून. लाल रंग चटकन डोळ्यांत भरतो ना.”

दिग्विजय नेमका डबा द्यायला आला होता. केसांना भरपूर तेल आणि बोलण्यालाही. “ताई, माल एक नंबर. सील बघा. आपल्या मालात खोट निघाली तर हा दिग्विजय मिशी उतरवेल.” त्याला मिशी नव्हती. सुमनताईंनी डबा ठेवून घेतला.

नवनाथ फरशी पुसत होता. फरशीवर त्याने पिवळे पट्टे मारले होते, झाडू आपापल्या खिळ्याला, फावड्याला स्वतःची चिठ्ठी. तिशीतला, पाथर्डीकडचा, शर्टाची सगळी बटणं लावलेला.

“पाच वर्षं कंपनीत लाइनवर होतो, मॅडम. कंत्राट संपलं. पण सवय जात नाही.”

“लाल बादली कुणाकडे?”

“माझ्याकडे. रोज सकाळी पहिलं काम तेच, क्लिअर करतो. सरांनी पहिल्याच दिवशी सांगितलंय. आजतागायत एक दिवस चुकलेला नाही.” तो हे छाती काढून म्हणाला.

सुमनताईंच्या डोक्यात मागे कुठेतरी काहीतरी हललं. पण हातोडा धप्प धप्प करत होता, माद्या संथ घोरत होत्या, आणि ते जे काही होतं ते पुन्हा खाली बसलं.

गिरजाबाई मागच्या कुंपणाशी शेवग्याच्या झाडाखाली बसल्या होत्या. साठी उलटलेली, मूळच्या परभणीकडच्या. शेजारी बोचकं बांधून तयार होतं.

“तुमी पन चोरच म्हनायला आलाव का?”

“मी विचारायला आलेय. तुम्हाला काही वेगळं वाटलं का, इतक्यात?”

गिरजाबाईंनी त्यांना नीट निरखलं. बहुधा हा प्रश्न त्यांना कुणी विचारलाच नव्हता.

“वास येत न्हाई खुराकाला. पयले यायचा, कडवट, दवाखान्यावानी. धम्मादादाला सांगितलं तर हसला. म्हनला, मावशी, तुमाला सर्दी झालीय. आन ह्या जनावरांची लघवी पयले पिवळीधमक असायची. आता बगा, निस्तं पानी.”

“तुम्ही लालमध्ये पावडर टाकता ना?”

“रोज! दोन मापं. सकाळी बादली रिकामी असतीया, मी डोळ्यांनं बघतेय की.”

“आणि पदराखाली काय असतं?”

गिरजाबाईंनी पदर घट्ट ओढून घेतला. “ते म्या सांगायची न्हाई. शनवारच्या आदी तर न्हाईच.”

४

पिवळीधमक हा शब्द सुमनताईंच्या मनात तरंगत राहिला. कोठीच्या उंबऱ्यावर बसून त्यांनी डोळे मिटले आणि काळा पडदा आपोआप खाली आला.

शालनला सातवा महिना होता. कंपनीच्या दवाखान्यातून मिळणाऱ्या जीवनसत्त्वाच्या पिवळ्या गोळ्यांचा वास तिला सोसायचा नाही. ती घेतल्याचं नाटक करायची आणि गोळी ड्रॉवरमध्ये चुरडून टाकायची. एकदा दिव्याखाली क्रँकशाफ्ट फिरवताना तिची बोटं हिरवट पिवळी चमकली. सुमनताईंनी हातातलं काम टाकून तिचा हात धरला. “काय गं हे? तुझ्या बोटाला भेग पडली का?” शालन हसता हसता रडली आणि मग सगळं बोलली. त्या दिवसापासून सुमनताई तिला समोर बसवून गोळी गिळायला लावत.

सुमनताईंनी डोळे उघडले आणि पर्समधून टॉर्च काढला.

“धम्मा, कोठीचं दार लाव. खिडकीवर पोतं टाक.”

दिग्विजयच्या नव्या डब्याचं सील तोडलं. जांभळ्या उजेडात चिमूटभर पावडर शालनच्या बोटांसारखीच हिरव्या पिवळ्या रंगाने उजळली. “म्हणजे माल खरा. दिग्विजय सुटला.” मग जुने, रिकामे डबे तपासले. त्यांच्या तळाशीही तीच चमक. मग लाल बादली. तिच्या कडेला, तळाला, कडीला चांदण्यांसारखे बारीक ठिपके होते.

“म्हणजे गिरजाबाई खरं सांगतात. पावडर डब्यातून बादलीत येते.”

“मग पुढे?”

“पुढे बघू. एखादी घोंगडी आहे का?”

भर दुपारी दापोडीची एक निवृत्त बाई घोंगडी पांघरून डुकरिणीच्या खाण्याच्या कुंडीत डोकं घालते आहे, हे दृश्य दिग्विजयने जाता जाता पाहिलं आणि ते त्याला पुढे महिनाभर पुरलं. भागीची कुंडी अंधारी. सोनीची अंधारी. चांदणी गजांच्या पलीकडे पोट टेकून पडली होती. तिने एक डोळा उघडला, घोंगडीखालच्या त्या पाहुणीला हुंगलं आणि पुन्हा मिटला. तिच्याही कुंडीत काळोखच होता, चार महिन्यांत चमकणारा एक कण तिथे पडला नसावा.

पण एका कोपऱ्यात काहीतरी लालसर होतं. निखाऱ्यावर राख चढावी तसं मंद. सुमनताईंनी ते चिमटीत धरून बाहेर उजेडात आणलं. चावून चोळामोळा झालेलं हिरवं पान होतं. ओल्या ठेचलेल्या पाल्यावर हा उजेड पडला की तो असा लाल दिसतो, हे त्यांना कंपनीतल्या बायकांच्या मोगऱ्याच्या गजऱ्यांतल्या चुरगळलेल्या पानांमुळे माहीत होतं.

“शेवगा,” त्या म्हणाल्या. “आणि हे बघ, गाजराची साल.”

धम्मरत्न त्या पानाकडे बघतच राहिला. कुंपणाजवळच्या झाडाच्या खालच्या फांद्या कुणीतरी ओरबाडून नेल्यासारख्या उघड्या होत्या. ते रोज दिसत होतं, पण त्याने कधी पाहिलं नव्हतं.

“पदराखालून बाहेर काही जात नव्हतं रे,” सुमनताई म्हणाल्या. “आत येत होतं. खुराकाला वास नाही म्हणून त्या चांदणीला पाला चारत होत्या. तुझी पाटी त्यांना कुणीतरी वाचून दाखवली असणार. म्हणून लपवून आणायच्या.”

“मग पावडर गेली कुठे?”

कोठीपासून गाळ्यांकडे जाणाऱ्या बोळाला खिडकी नव्हती. सुमनताईंनी दिवा घालवला आणि टॉर्च फरशीवर धरला. कोठीच्या दारातून हिरवट ठिपक्यांची एक रेघ निघाली होती. नवनाथच्या पिवळ्या पट्ट्याला धरून ती सरळ गेली. सव्वीस वर्षं स्वप्नात पाहिलेली रेघ जणू आज जमिनीवर उतरली होती. सुमनताई तिच्यामागे चालू लागल्या.

गाळ्यांकडे वळायच्या जागी ती वळली नाही. ती मागच्या दाराखालून बाहेर गेली.

५

मागच्या दाराबाहेर जमिनीवर लाल पट्टीने चौकोन आखला होता. चौकोनात निळं पिंप होतं आणि त्यावर झाकण.

सुमनताईंनी झाकण उचललं. आत प्लास्टिकच्या पुड्या होत्या, एकावर एक, नीट रचलेल्या. प्रत्येकीला दोऱ्याने चिठ्ठी, चिठ्ठीवर सुवाच्य अक्षरात तारीख आणि वजन. सगळ्यात वरची आजची होती. धम्मरत्नने खाली बसून मोजल्या. एकशे अठरा भरल्या.

“हे काय चाललंय?” त्याचा आवाज चिरकला. “हा माणूस माझ्या शेडमध्ये बसून...”

“मॅडम!” मागून नवनाथ धावत आला. “हात नका लावू! ते रिजेक्ट आहे!”

सुमनताई त्याच्याकडे वळल्या. सकाळपासून डोक्यात बसून राहिलेलं ते काहीतरी आता उठून उभं राहिलं.

६

“धम्मा,” त्या हळूच म्हणाल्या, “पहिल्या दिवशी तू नवनाथला काय सांगितलंस? शब्दन् शब्द सांग.”

“काय सांगणार? म्हटलं, लाल बादलीतलं रोजच्या रोज क्लिअर करायचं, काही शिल्लक ठेवायचं नाही.”

“तुझ्या ऑफिसात क्लिअर कर म्हणजे काय?”

“काम पूर्ण कर. संपव.”

“आणि लाइनवर, नवनाथ?”

नवनाथचा चेहरा उतरत चालला होता. “लाल ट्रे म्हणजे रिजेक्ट माल, मॅडम. चांगल्या मालात मिसळायचा नाही. शिफ्ट सुरू झाली की क्लिअर करायचा, म्हणजे बाहेर काढून चिठ्ठी लावून वेगळा ठेवायचा. मोठ्या साहेबांची सही होईपर्यंत फेकायचा पण नाही. मला वाटलं, गिरजामावशी ओल लागलेली पावडर रोज बाजूला काढून ठेवतात. मी सरांना दोनदा विचारलं होतं, लालचं बरोबर चाललंय ना म्हणून.”

“विचारलं होतंस,” धम्मरत्न पुटपुटला. “मी म्हटलं, क्लिअर होतंय ना, मग झालं तर.”

“चोर असता तर त्याने चिठ्ठ्या लावल्या नसत्या,” सुमनताई म्हणाल्या. “एकशे अठरा सकाळी हा माणूस मन लावून चुकला. डब्यात पावडर आहे, बादलीत आहे, कुंडीत नाही. मधे होतं ते तुझं एक वाक्य. शालनला विचारलं असतंस तर तिने पहिल्याच दिवशी सांगितलं असतं की लाल रंगात कुणी चांगली वस्तू ठेवत नाही. तिने आयुष्यभर लाल ट्रेमध्ये रिजेक्ट मालच टाकला.”

धम्मरत्नने एक पुडी उचलून तिची चिठ्ठी वाचली. आईचं काम नेमकं काय होतं, हे त्याने तिला कधी विचारलंच नव्हतं.

“सर, ती मेलेली पिल्लं...” नवनाथ पुड्यांकडे बघत म्हणाला. “ती माझ्यामुळे?”

“आपल्या दोघांमुळे,” धम्मरत्न म्हणाला. “माझ्यामुळे जास्त.”

तो उठला आणि शेवग्याच्या झाडाकडे निघाला. झाडाखाली कुणी नव्हतं. बोचकंही नव्हतं; शनिवारची वाटही न बघता त्या निघून गेल्या होत्या. आणि त्याच वेळी गाळ्यातून खसफस ऐकू आली. चांदणी उठली होती आणि तोंडाने गवत गोळा करून कोपऱ्यात नेत होती. मादी अशी घरटं करायला लागली की ती त्याच दिवशी विते.

नवनाथ मदतीला आत गेला, तशी ती गुरगुरून अंगावर आली.

बसथांब्यावर गिरजाबाई बोचक्यावर बसल्या होत्या. धम्मरत्न धापा टाकत समोर उभा राहिला. 

“मावशी, चुकलो. तुम्ही चोर नव्हता. तुमच्यामुळेच चांदणी...”

“तिचं काय?” गिरजाबाईंनी मधेच तोडलं.

“गवत गोळा करतेय.”

“आन तू हितं बोलत बसलायस व्हय, मुडद्या?” बोचकं त्यांनी त्याच्या अंगावर टाकलं आणि त्या चालायलाही लागल्या.

दिवेलागणीला पहिलं पिल्लू आलं. चांदणी गिरजाबाईंच्या मांडीवर तोंड टेकून पडली होती. लांबचा हातोडा थांबला होता, बहुतेक पाळी बदलत होती, आणि त्या शांततेत सगळे कुजबुजतच मोजत होते. पाच झाली. आठ. अकरा, सगळी हलणारी, सगळी सडाकडे धडपडणारी. बारावं आलं ते निपचित. गिरजाबाईंनी त्याचं नाक बोटाने साफ केलं, उलटं धरून पाठ चोळली, पुन्हा चोळली. नवनाथने डोळे मिटून घेतले. मग एक बारीक, चिडलेली किंकाळी निघाली आणि पत्र्यापर्यंत गेली.

सुमनताईंनी ते ओलं पिल्लू हातात घेऊन टॉर्चखाली नाही, साध्या बल्बखाली फिरवून पाहिलं.

“ओके,” त्या म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते.

गिरजाबाई हात धुऊन कोठीत गेल्या. परत आल्या तेव्हा हातात लाल बादली होती. दोन मापं पावडर त्यांनी खुराकात कालवून आणली होती. बादली त्यांनी धम्मरत्नच्या नाकाशी धरली.

“वास घे.”

त्याने घेतला. कडवट, दवाखान्यासारखा.

“आला?”

“आला.”

“आता रोज घ्यायचा. ज्या दिवशी येनार न्हाई त्या दिवशी मला इचारायचं. आन मी सांगितलं तर हसायचं न्हाई.”

“नाही हसणार, मावशी.”

“मग घाल.”

धम्मरत्नने बादली चांदणीच्या कुंडीत रिकामी केली.

सुमनताईंनी दिवा मालवला आणि टॉर्च कुंडीवर धरला.

कुंडीत अंधार उरला नव्हता. चांदणीने मान वर केली, त्या उजेडात तोंड घातलं आणि खायला लागली.